लेखाखाली गावाचं नाव

नवा फोन घ्यावा की जुनाच वापरावा, अमुक गेममध्ये तिसरा टप्पा कसा पार करावा, कालच्या मालिकेत सुनेनं सासूला काय उत्तर दिलं, घरबसल्या कमाई कशी करावी, असं काही ना काही तुम्ही रोज मोबाईलवर वाचता. हे सगळं कुणीतरी बसून लिहितं. लेखाखाली त्याचं नाव असतं. ते नाव तुम्ही शेवटचं कधी वाचलंत?

मीही वाचत नव्हतो. पोलीस खात्यात असताना एकदाच वाचलं, आणि तेही आरोपीचा आयता पत्ता मिळाला म्हणून. त्या प्रकरणानं माझी पाठ अजून सोडलेली नाही. मुदतीच्या कितीतरी आधी मी वर्दी उतरवली. त्यामागे हे एकच कारण नव्हतं, पण हेही होतं. या लिखाणात मी कुणाचंच नाव घेणार नाही, आणि ज्या बाईनं नावासाठी एवढं सोसलं तिचं तर नाहीच.

तेव्हा मी चामोर्शीच्या बाजूला एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. मे महिना होता. जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. या दिवसांत ठाण्यात वर्दळ कमी असते, कारण पहाटेपासून सगळी गावं पानं तोडायला गेलेली असतात. अशा एका सकाळी बाजारातले शिंपीचाचा आले. ठाण्यातल्या निम्म्या वर्दीच्या पँटी त्यांनीच उसवून सैल केलेल्या, त्यामुळे त्यांना सगळे ओळखत. एरवी ते आले की "साहेब, कमर और दो इंच बढ गई" असं म्हणून हसवायचे. त्या दिवशी ते नमस्कारही न करता ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभे राहिले.

"बोलो चाचा," मी म्हणालो.

त्यांनी मुलीचा फोन पुढे केला. त्यावर एक लेख होता. लेख लिहून घरबसल्या कसं कमवावं, यावर. फोन, गेम, टीव्ही अशा विषयांवर वेबसाइटला लेख कसे द्यावेत, सुरुवात कशी करावी, सगळं सोप्या मराठीत. शेवटी लिहिलं होतं की काम मिळण्यासाठी खालच्या बटणावर नोंदणी करा आणि शुल्क भरा. चाचांच्या मुलीनं शुल्क भरलं. मग दुसरं शुल्क मागितलं, तेही भरलं. नंतर तो नंबर बंद झाला.

"अनजान आदमी पे भरोसा कैसे किया?" मी जरा वरच्या आवाजात विचारलं.

"अनजान कहाँ साहेब?" चाचांनी बोटानं खाली दाखवलं. "नाम देखो. गाव देखो. बेटी बोली, अब्बा, ये तो अपने बाजू के गाव की है, झूठ काहे को लिखेगी? इसी नाम पे तो भरा!"

लेखाखाली एका तरुण बाईचं पूर्ण नाव होतं. त्यापुढे गावाचं नाव. शेजारी फोटो. आठवड्याभरात तशाच आणखी तीन तक्रारी आल्या, तिन्ही आमच्याच तालुक्यातल्या. त्या तिघांचंही उत्तर तेच होतं. आपल्या भागातली बाई आहे म्हणून विश्वास ठेवला.

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. तपास माझ्याकडे. आमचे जमादार वयानं माझ्याहून बरेच मोठे, याच जंगलातले, गोंडी बोलणारे. ते स्टेशन डायरी मिटत म्हणाले, "साहेब, मले एक समजून नाई राह्यलं. फसवाचं असते तं कोनी आपलं नाव, आपलं गाव लिहून ठेवते का?"

"मूर्ख असली की ठेवते," मी म्हणालो.

हे वाक्य मी उच्चारलं होतं, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

वरिष्ठांचा फोन आला होता. चार तक्रारी आहेत, नाव-पत्ता समोर आहे, मग अटक का नाही? मी बाईला ठाण्यात बोलावून घेतलं. हे करताना मी कायदा मोडला. चौकशीसाठी स्त्रीला ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या राहत्या घरी जाऊनच तिचा जबाब घ्यावा लागतो. नव्या भरतीच्या पोरांना हा नियम मीच शिकवायचो. पण गाव जंगलात, रस्ता वाईट, ऊन डोक्यावर, आणि आरोपी तर हातात आहे असं मी धरून चाललेलो. सोय बघितली की नियम कसा बाजूला पडतो, याचा अनुभव मला बाहेर शोधायला जावं लागलं नाही.

ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती. बाहेरून शिकून पदवी घेतलेली. सायकलवर आली होती, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत चार वह्या. तिला बाकावर बसवलं. शेजारी आमची महिला शिपाई बसली.

मी फोन समोर धरला. "हे नाव तुमचं?"

"हो साहेब."

"गाव?"

"आमचंच."

"मग लेखही तुमचाच?"

तिनं फोन हातात घेतला, अगदी सावकाश वाचत खाली आली. एका ठिकाणी बोट थांबलं. "इथपर्यंत माझा. याच्या खालचा माझा नाई."

"नाव तुमचं, लेख तुमचा, फक्त शेवटचा परिच्छेद दुसऱ्याचा?"

"हो."

"आतापर्यंत किती जणांनी मला असं सांगितलं असेल?"

"मले काय माहीत साहेब. मी तं पहिल्यांदाच आली."

महिला शिपाई खाली बघून हसली. मला राग आला. मी आवाज चढवला. लेख कसा पाठवता, कुणाला, पैसे कुठून येतात, एकामागून एक विचारत गेलो. तिनं सगळं सांगितलं. फोनवर जाहिरात पाहून तिनं या वेबसाइटसाठी लिहायला सुरुवात केली होती. आठवड्याला दोन लेख. फोनची माहिती, गेम, मालिका. गावात रेंज नव्हती. वहीत लिहायचं, मग बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावच्या तळ्याच्या बांधावर जायचं, तिथे रेंज यायची. तिथे उभं राहून फोनवर टाइप करायचं. वेबसाइटवर एक रकाना होता, त्यात मजकूर टाकला की तो तिकडे जायचा. आपल्याकडे काही उरायचं नाही.

"छापून आल्यावर वाचत नाही?"

"रेंज येते तेवढ्यात लेख पाठवाव का छापलेलं वाचत बसाव साहेब? एक डोया बॅटरीवर, एक डोया रेंजवर. तिसरा डोया कुठून आनू?"

"तुमच्या खात्यात जुना मजकूर असेल."

"परवापासून खातं उघडून नाई राह्यलं. काऊन ते आज समजलं." मग तिनं पिशवीतली वही काढली. "हे पाहा. इथी आहे माझा शेवट."

पान खोडाखोडीनं भरलेलं होतं. शेवटी चार ओळी होत्या. काम देण्याआधी जो पैसे मागतो त्याच्यापासून लांब राहा, अशा अर्थाच्या, आणि पुढे तेंदूच्या फळीवरचं, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागेवरचं, एक उदाहरण. मी नीट वाचलंही नाही.

"पानावर तारीख नाही. हे तुम्ही काल लिहिलं असेल."

तिनं वही मिटून पिशवीवर ठेवली आणि म्हणाली, "खोटंच कराचं असतं तं खोट्या नावानं केलं असतं. वेबसाइटवाल्याइनं मले सांगतलं होतं, तुमचं नाव नको, गावाचं तं अजिबातच नको, 'टेक गुरू' लिहा. मीच नाई म्हटलं."

"का?"

"आमच्या ग्रामसभेत बोलाचं असलं तं उभं राहून आधी नाव सांगा लागते. मंग बोला लागते. बिननावाचं बोलनं कोनी लिहून घेत नाई. इतिवृत्त मीच लिहितो ना साहेब. दुसऱ्याइले नाव विचारतो, अन् माह्यं मी लपवू?"

माझे वडील ऊर्जानगरला वीज केंद्रात कामाला होते. कामगारांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकलो. पत्रकात कितीही आग असली तरी तळाशी छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव असायचं. वडील म्हणत, ते नाव काढलं की त्या कागदाला कुणी विचारत नाही. हे सगळं माहीत असलेला मी तिच्या समोर बसलो होतो आणि तरीही मी तिचा फोन आणि चारही वह्या जप्त केल्या. पंच बोलावले, पंचनामा केला, मुद्देमाल सील केला. दिवस मावळायच्या आत तिला सोडलं आणि उद्या परत या म्हणून सांगितलं.

ती गेल्यावर महिला शिपाई माझ्या टेबलापाशी आली. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, रागावू नका. बाईचा जबाब तिच्या घरी घ्यावा लागते. हे तुम्हीच शिकवलं आमाले."

वरिष्ठांचा पुन्हा फोन आला. उद्यापर्यंत अटक दाखवा. आता माझ्या हातात एक दिवस होता. अटकेच्या कागदावर तिचं नाव आलं की ते वर्तमानपत्रात येणार, फोनवर फिरणार. नंतर न्यायालयानं सोडलं तरी ते नाव परत तिला मिळणार नव्हतं. ज्या बाईकडे नावाखेरीज दुसरी पुंजी नाही, तिचं ते नाव माझ्या एका सहीवर अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला येऊ नका असा निरोप पाठवला आणि आम्ही तिघं, जमादार, महिला शिपाई आणि मी, तिच्या गावी गेलो. नियमाप्रमाणे, उशिरा का होईना.

दुपार झाली होती. जंगलातून तोडून आणलेली पानं घेऊन बाया मोहाच्या झाडाखालच्या मांडवात पुडे बांधत होत्या. सत्तर पानं मोजायची, एकावर एक लावायची, सालीच्या दोरीनं बांधायची आणि बाजूला टाकायची. पाच बाया, आणि त्यांच्याबरोबर आमची संशयित. तीही पुडे बांधत होती. आम्हाला बघून हात कुणाचेच थांबले नाहीत.

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई जमादारांना गोंडीत काहीतरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

जमादार अवघडले. "काई नाई साहेब. म्हनते, वह्या नेल्या तं नेल्या, आता पोट्टीलेही न्याले आले का? मंग पुडे बांधाले साहेबाले बसवा."

मी म्हातारीसमोर खाली बसलो. "बाई, तुम्हाला हिच्या लिहिण्याचं काय माहीत?"

"हे कुठी लिवते?" म्हातारी मराठीत म्हणाली. "आमीच लिवतो. हे तं खाली अक्षर काढते."

मला वाटलं, चेष्टा करते आहे. ती चेष्टा नव्हती. गेली दोन वर्षं ही मुलगी प्रत्येक लेख पाठवण्याआधी या बायांना वाचून दाखवत होती. हंगामात पुडे बांधताना, एरवी मोहफुलं निवडताना. त्यांना जे समजलं नाही ते ती बदलायची. यातल्या कुणाकडेच मोठा फोन नव्हता. पण फोनची बॅटरी कशी जपावी हे त्यांना पाठ होतं. मालिकांच्या लेखांवर तर भांडणं व्हायची. एका गेमच्या लेखावर म्हातारीनं तिला अडवलं होतं. "मानूस मेला म्हनतेस, मंग तो परत कसा उठते?" तीन जीव असतात, हे तिला समजावता समजावता मुलीनं लेखात एक अख्खा परिच्छेद वाढवला होता. मला आठवलं, जबाब देताना चाचांची मुलगी म्हणाली होती की हिचं लिहिलेलं सगळं समजतं.

इथे माझ्यातला पोलीस जागा झाला. आपल्याला हवं ते उत्तर साक्षीदाराच्या तोंडात घालायचं नसतं. मी लेखाचा शेवट काय आहे, वहीत काय आहे, वेबसाइटवर काय आहे, यातलं काहीच सांगितलं नाही. मुलीला महिला शिपायाबरोबर घरात बसवलं. बायांना एकेक करून शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. प्रत्येकीला एकच प्रश्न केला. लिहून कमवायचं असा जो लेख हिनं वाचला, त्याचा शेवट काय होता?

पहिली म्हणाली, "काम द्याले जो पैसे मागते त्याच्यापाशी जाऊ नका."

दुसरी म्हणाली, "फळीवर पुडे देतो तं मुन्शी आपल्याले पैसे देते. आपन मुन्शीले देतो का? मंग लिवनाऱ्यानं काऊन द्यावं?"

तिसरीनं हेच सांगितलं, शब्द थोडे इकडेतिकडे. चौथीला गोंडीतच बोलायचं होतं. जमादारांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. "तेच साहेब. मुन्शीचंच." पाचवी ती म्हातारी, तिनंही तेच सांगितलं.

जप्तीआधी मी नीट न वाचलेलं वहीतलं ते उदाहरण हेच होतं. तरी मनात शंका उरली होती. रात्रीतून पढवून ठेवलं असेल तर? शेवटी मी सगळ्यांना पुन्हा मांडवात एकत्र आणलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुन्शीची ती गोष्ट लेखात घालायला कुणी सांगितली?"

"मीनं," म्हातारी म्हणाली.

"तू कुठी?" दुसरी उसळली. "तू तं झोपली होतीस! मीनं सांगतली."

"झोपली होती? मी डोये मिटून ऐकून राह्यली होती."

"घोरून राह्यली होतीस."

"मुन्शीचा विषय माह्या तोंडून निघाला, विचार हिले!"

तिसरीही मध्ये पडली. तिच्या मते मुन्शी तिनं सांगितला होता आणि या दोघींनी फक्त मान हलवली होती. जमादार तोंडावर रुमाल धरून बाजूला झाले. मी मात्र तसाच उभा होतो. पढवून ठेवलेले साक्षीदार मी पुष्कळ बघितले. ते एका सुरात बोलतात आणि श्रेय कुणीच मागत नाही. इथे तीन बाया एका ओळीच्या मालकीसाठी हमरीतुमरीवर आल्या होत्या. ती ओळ त्या मांडवात घडली होती, हे सिद्ध करायला मला दुसरा पुरावा नको होता.

मी तिथेच, तिच्या अंगणात बसून तिचा जबाब घेतला. संशयित म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. पाचही बायांचे जबाब नोंदवले. परत आल्यावर वरिष्ठांनी कागद चाळले आणि म्हणाले, "अंगठे लावणाऱ्या बायका वेबसाइटच्या गुन्ह्यात साक्षीदार? न्यायालयात हसतील."

"हसू द्या," मी म्हणालो. "या लेखाचा मूळ मजकूर आज जगात फक्त त्यांच्याकडे आणि एका वहीत आहे." नम्रपणे बोलायला हवं होतं. नाही बोललो. पण अटकेचा कागद काही झाला नाही.

त्यानंतरचं काम सायबर शाखेनं केलं. शुल्क ज्या खात्यात गेलं ते खातं एका दूरच्या शहरात सापडलं. वेबसाइट चालवणाऱ्या दोघांच्या संगणकावर लेखांची मूळ रूपं तशीच पडलेली होती, मुन्शीसकट. त्यांचा उद्योग साधा होता. खेड्यापाड्यातल्या माणसांकडून खरे, चांगले लेख लिहून घ्यायचे. ज्या लेखावर लोकांचा विश्वास बसलेला दिसेल त्याचा शेवट कापायचा आणि तिथे बटण चिकटवायचं. सुरुवातीला त्यांना हिचं नाव नको होतं. पुढे त्याच नावाला आमच्या भागात वजन आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ते नाव तिनं दोन वर्षं जपून वाढवलं होतं आणि यांनी ते चोरून वापरलं. पैशांची चोरी गुन्ह्यात आली. या चोरीला आमच्या कागदांत रकाना नव्हता.

मी तिच्या वह्या परत द्यायला स्वतः गेलो आणि माफी मागितली. तिनं आधी पानं मोजून बघितली. म्हणाली, "साहेब, माफी ठीक आहे. पन चार लोकाइच्या पुढं मले बसवलं, तं चार लोकाइच्या पुढं सांगा." मी बाजाराच्या दिवशी चावडीपुढे उभा राहून, माझं नाव सांगून, झालं ते सांगितलं. वर्दीत असताना केलेल्या कामांपैकी ते मला सगळ्यात अवघड गेलं आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

मी समजत होतो, इथे प्रकरण संपलं. काही महिन्यांनी तिनं दुसऱ्या वेबसाइटकडे लेख पाठवला. त्यांनी लेख आवडला म्हणून कळवलं आणि दोन दिवसांनी नकार दिला. सोबत एक चित्र पाठवलं होतं. तिचा फोटो, त्यावर लाल अक्षरं: ही बाई ठग आहे, सावध राहा, पुढे पाठवा. सुरुवातीच्या त्या आठवड्यात, रागाच्या भरात, फसलेल्यांपैकी कुणीतरी ते बनवलं होतं. गावागावांतून फिरत ते कुठल्या कुठे गेलं होतं.

ते चित्र बनवणारी शिंपीचाचांची मुलगीच होती, हे चाचांनी स्वतः येऊन सांगितलं. मुलीनं खुलासा लिहून सगळ्यांना पाठवला. तो कुणी पुढे पाठवला नाही. खुलासा कोण पाठवतं? तेव्हा चाचांनी एक पद्धत सुरू केली. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की चाचा गळ्यात टेप घालून आधी म्हणत, "पहले मोबाईल निकालो. इस लडकी की फोटो है क्या देखो. है तो मेरे सामने मिटाओ, फिर कमर नापेंगे." लोक हसत, पण फोन काढत. मीही माझा काढला. एका नातेवाइकांच्या गटात ते चित्र होतं. माझ्याच फोनमध्ये, कितीतरी दिवसांपासून, आणि मी ते बघितलंही नव्हतं.

ती आजही लिहिते. मांडवात वाचून दाखवते. खाली पूर्ण नाव आणि गाव लिहिते. पण प्रत्येक नव्या ठिकाणी तिला आधी ते चित्र खोडावं लागतं, मग लेख दाखवता येतो.

या प्रकरणानं मला एवढं शिकवलं की माणसाला आरोपी ठरवायला पोलीस ठाण्याची गरज उरलेली नाही. ते काम आता आपण सगळे करतो, अंगठ्यानं, चौकशीशिवाय, आणि आपलं नाव न लिहिता. तिनं आपलं नाव लिहिलं म्हणून ती सापडली. आपण लिहीत नाही म्हणून आपल्याला कुणी जाब विचारत नाही.

म्हणून आता तुमचा फोन उघडा. 'यांच्यापासून सावध', 'यांना ओळखा' असं लिहिलेला एखाद्या माणसाचा फोटो कुठल्या ना कुठल्या गटात पडलेला असेल. तो तिचा असेल किंवा दुसऱ्या कुणाचा. खाली तक्रार करणाऱ्याचं नाव आहे का बघा. नसेल, तर तो पुसा, आणि ज्यानं तुम्हाला पाठवला त्याला तुमच्या नावानिशी कळवा की मी पुसला, तुम्हीही पुसा.